मार्गदर्शकास झालेला लाभ

४ ऑगस्ट

आजपासून मी मार्गदर्शक. तसा मी एकतीस वर्षांपासून आहेच, पण आता कंपनीने छापील पत्र दिलं. छपाई इतकी फिकी की बायकोकडून, म्हणजे कौसल्येकडून, वाचून घ्यावं लागलं. बियाण्याची एवढी मोठी कंपनी, आणि काटकसर कशात, तर शाईत.

पत्रात असं आहे: श्री. कल्याण खांडेभराड, वरिष्ठ क्षेत्र अधिकारी, यांच्या हाताखाली एक नवा प्रशिक्षणार्थी देण्यात येत आहे. सहा महिने शिकवायचं, दर पंधरा दिवसांनी फॉर्म भरायचा, शेवटी शंभरपैकी गुण द्यायचे. साठच्या खाली पडले की प्रशिक्षणार्थी घरी. सगळ्यात चांगल्या मार्गदर्शकाला नोव्हेंबरात सन्मानचिन्ह. मी जानेवारीअखेर निवृत्त होतो, पण सन्मानचिन्हवाल्याला दोन वर्षं मुदतवाढ मिळते असं आतल्या गोटातून कळलं आहे. म्हणून ही वही घातली. एचआरच्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, चांगला मार्गदर्शक रोज स्वतःला प्रश्न विचारतो आणि उत्तरं लिहून ठेवतो. मला प्रश्न फारसे पडत नाहीत. उत्तरं मात्र भरपूर आहेत.

६ ऑगस्ट

मार्गदर्शकांचं प्रशिक्षण. हॉलमध्ये दोन तास, एक समोसा. शिकवलं ते असं: सत्तर टक्के ऐका, तीस टक्के बोला. चूक सांगायची तर आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. फॉर्मच्या शेवटी एक रकाना आहे, ‘मार्गदर्शकास झालेला लाभ’. मी उभं राहून विचारलं, “मॅडम, लाभ शिकणाऱ्याला होतो. हा रकाना चुकून छापला का?”

“मुद्दाम छापलाय, सर. रिकामा ठेवू नका.”

वयाने माझ्या भाचीएवढ्या आहेत, पण आवाजात दम आहे.

कौतुक-चूक-कौतुक घरी करून पाहिलं. म्हटलं, “कौसल्या, तुझ्या हाताला चव आहे. आज वरणात मीठ नाही. पण भाकरी छान फुगली.”

“मीठ वेगळं दिलंय, तुमच्यापुढंच हाय बशीत,” ती म्हणाली. “दिसून न्हाई राह्यलं का?”

पांढऱ्या बशीत पांढरं मीठ ठेवल्यावर कुणाला दिसणार?

९ ऑगस्ट

मला वाटलं होतं एखादा पोरगा येईल. आली मदीहा महेमूद शेख. जुन्या जालन्यात वडिलांचं कापडाचं दुकान आहे, परभणीला शेतकीची पदवी घेतली. डोक्याला स्कार्फ, पायात बूट. बूट पाहून बरं वाटलं. चपला घालून शेत तपासायला येणारे मी पुष्कळ पाहिले.

मी पहिल्यांदाच स्पष्ट केलं की सत्तर टक्के ऐकण्याचा कंपनीचा नियम आहे आणि तो तिने पाळायचा. ती म्हणाली, “जी सर.”

मग विचारलं, नोकरी कशाला हवी? “अब्बूंनी सहा महिने दिलेत, सर. इथं पक्की झाले तर ठीक. न्हाईतर शाळेत लागायचं, जागा बघून ठेवलीय त्यांनी. मला फळ्यावर मिरची काढत बसायचं न्हाई. मला शेतातली पाह्यची आहे.”

म्हणजे हिची मिरची माझ्या सहीवर टांगलेली आहे. तिने हे मला पहिल्याच दिवशी सांगायला नको होतं. माणसावर उगाच वजन येतं.

१३ ऑगस्ट

केदारखेड्याला कचरू या शेतकऱ्याच्या शेडनेटवर गेलो, तिच्या स्कूटीवरून, मागे बसून. माझी मोटारसायकल दोन महिन्यांपासून उभीच आहे. हल्ली समोरच्या गाड्यांना असले काही दिवे लावतात की प्रत्येकाभोवती मोठं रिंगण दिसतं. भोकरदनच्या नाक्यावर दोघे तिघे ओळखीचे उभे असावेत. कोण ते नीट कळलं नाही, हसण्याचा आवाज मात्र ओळखीचा होता. मार्गदर्शकाने मागेच बसावं. म्हणजे शिकणाऱ्यावर नजर राहते.

बाजेवर बसून तिला सगळा कारभार समजावला. जाळीच्या आत संकरित मिरचीचं बियाणं. मादीच्या ओळीतली कळी फुलायच्या आत बायका चिमट्याने उघडतात, नराचा पराग बोटातल्या अंगठीवर घेऊन तिला लावतात आणि देठाला दोरा बांधतात. दोरा आहे ते फळ आपलं. दोरा नाही ते आपोआप धरलेलं, म्हणजे भेसळ. ते हिरवं असतानाच तोडून टाकायचं. शंभर झाडांमागे बिनदोऱ्याची दोनपेक्षा जास्त फळं निघाली की सगळं नेट नापास, आणि शेतकऱ्याचं अख्खं वर्ष गेलं. आपलं काम ती फळं मोजणं.

“हे सगळं पुस्तकात आहे, सर,” ती म्हणाली.

मग मी पुस्तकात नसलेलं सांगितलं. नेटमध्ये शिरण्याआधी बाहेर दोन मिनिटं उभं राहायचं आणि ऐकायचं. आत बायका बोलत असतील, भांडत असतील, हसत असतील, तर हात चालू आहेत. बिलकुल गप्प असतील तर एक तर बायका कमी आल्या आहेत किंवा कामाचा ताण आला आहे, आणि कळ्या सुटून राहिल्या आहेत. त्या दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत जायचं. तिने हे वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षांत माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं आठवत नाही. मी बाजेवर जरा सरळ बसलो.

ती आत गेली, मी कचरूशी पावसापाण्याचं बोलत बसलो. दीड तासाने घामाघूम बाहेर आली. मी म्हटलं, “चाल चांगली आहे. वेळ फार लागला. बूट चांगले आहेत.”

२० ऑगस्ट

फॉर्म क्रमांक एक. अक्षरं मुंगीएवढी. मी बोललो, तिने भरला. ‘मार्गदर्शकास झालेला लाभ’: काही नाही. ती म्हणाली, “सर, मॅडम रिकामा ठेवू नका म्हणाल्या ना?” मग लिहायला सांगितलं: गाडीचं पेट्रोल वाचतं.

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही. जुलैत कंपनीने सगळ्यांचे डोळे तपासले. तक्त्याची शेवटची ओळ मी खाडकन म्हणून दाखवली. माझ्या आधीच्या माणसाने ती मोठ्याने वाचली होती. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, पाठांतर हीसुद्धा बुद्धीच आहे. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. यंदा धूळ जास्त आहे.

२८ ऑगस्ट

कंपनीने मोबाइलवर नवं ॲप दिलं. शेतात जायचं, मोजायचं, आकडा तिथल्या तिथे भरायचा. कोण, कुठून, किती वाजता भरलं ते सगळं त्याला कळतं. माझा पासवर्ड तीनदा चुकला आणि ॲपने मला बाहेर काढलं. मी मदीहाला म्हटलं, तुझ्या नावावरून भरत जा. अनुभव मिळतो. एरवी कुठला साहेब आपल्या भेटी प्रशिक्षणार्थ्याच्या नावावर जमा करतो? माझा स्वभावच असा उदार आहे.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मदीहाने मला पेन दिलं. जाड काळ्या शाईचं, दुरूनही वाचता येतं. म्हणाली, “नोंदी यानंच लिहा सर, मला वाचायला जल्दी होतं.” गुरूला लेखणी द्यावी हे या पिढीला अजून सुचतं म्हणायचं. हे सगळं त्याच पेनाने लिहीत आहे.

आता ती रोज सकाळी पेपरही वाचून दाखवते. मी सांगितलं नव्हतं. आदर आतून यावा लागतो.

१४ सप्टेंबर

कचरूच्या नेटमध्ये दोरे बांधणं जोरात चालू आहे. मदीहा हट्टच करत होती, म्हणून आज आत गेलो. आत भट्टी. जाळीतून उजेड असा येतो की सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. तिने एक फांदी धरली. “सर, याची गाठ कुठल्या बाजूला मारलीय?”

“डाव्या,” मी म्हटलं.

शेजारी तुळजाबाई चिमटा घेऊन उभी होती, बायकांच्या टोळीची मुकादम. ती पदर तोंडाला लावून खोकली.

“बराबर, सर,” मदीहा म्हणाली. नंतर बाहेर येईपर्यंत बोलली नाही. माझी परीक्षा घेतल्याचं तिला वाईट वाटलं असावं. मी ते मनावर घेतलं नाही.

कौसल्येला सांगितलं. तिने विचारलं, “तुम्ही तिला शिकवून राह्यले का ती तुम्हाला हिंडवून राह्यली?” या बाईला कंपनीचं कामकाज कधी समजलं नाही.

२२ सप्टेंबर

मदीहा दोन दिवस रजेवर, तीर्थपुरीला चुलत बहिणीचं लग्न. आज कचरूची मोजणी होती. मी एकटाच एसटीने गेलो. फाट्यावरून कचरूने मोटारसायकलवर नेलं.

त्याच्या बायकोला ताप आलाय, म्हणून तो घाईत होता. बायकाही चारच आल्या होत्या. नेटच्या दारात उभा राहिलो तर आत शांतता. दहा पावलं आत गेलो. झाडं चांगली हिरवी. दोरे असणारच, का नसतील? ऊन फार होतं. बाहेर येऊन मदीहाला फोन केला. मागे सनई वाजत होती. म्हटलं, “शून्य भर. एकही बिनदोऱ्याचं नाही.”

“सर, मी परवा येऊन मोजू का?”

“परवा कशाला? एकतीस वर्षं मी काय करून राह्यलो?”

तिने विचारलं, “बायका बोलत होत्या का, सर?”

“हो हो,” मी म्हटलं. “गलका होता नुसता.”

“मंग ठीक आहे,” ती म्हणाली आणि शून्य भरलं.

का म्हटलं तसं, कोण जाणे. लग्नात बसलेल्या पोरीला कशाला काळजी.

३ ऑक्टोबर

आपल्या सगळ्या नेटमध्ये मदीहाने लाल दोरा सुरू केला. रिळं तिच्या अब्बूंच्या दुकानातली. लाल दोरा हिरव्यावर ठसठशीत दिसतो. आज मी आत जाऊन वीस फळं पटापट मोजली आणि वीसही बरोबर निघाली. कार्यालयाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले, म्हणून मी उभा राहिलो आणि सांगितलं की हा विचार बरेच दिवस डोक्यात होता. मदीहा काही बोलली नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘लाल दोरा: संकल्पना श्री. खांडेभराड’.

आतल्या गोटातून कळलं की सन्मानचिन्हाच्या यादीत माझं नाव पहिलं आहे. लाभाच्या रकान्यात लिहायला सांगितलं: मेथीचे पराठे (तिच्या डब्यातले).

१० ऑक्टोबर

मुख्य कार्यालयाचं तपासणी पथक अचानक कचरूच्या नेटमध्ये आलं. मागच्या नऊ ओळींत, शंभर झाडांमागे अकरा फळं बिनदोऱ्याची. सगळी तीन आठवड्यांपूर्वी धरलेली, लाल दोऱ्याच्या आधीची. नेट तात्पुरतं नापास. आठ दिवसांत पुन्हा तपासणी.

कचरू उंबरठ्यावर बसून होता. मला पाहून उठला, खुर्ची पुसून दिली. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

प्रियदर्शनी मॅडमनी बोलावलं. ॲपमधली नोंद दाखवली: २२ सप्टेंबर, शून्य, मदीहा शेख. जागा: तीर्थपुरी.

“सर, नेट केदारखेड्याला आणि नोंद तीर्थपुरीहून. म्हणजे न बघता भरलं. हे प्रशिक्षणार्थ्याच्या नावावर असेल तर मला पुढे पाठवावं लागेल. तिला विचारलं तर म्हणते, नोंद माझी आहे, मॅडम. पुढे एक अक्षर नाही.” मग म्हणाल्या, “तुम्ही मार्गदर्शक आहात. चार दिवसांत लेखी मत द्या. त्यावर ठरेल.”

मी म्हटलं, “देतो.”

बाहेर मदीहा स्कूटीजवळ उभी होती. तिने मला घरापर्यंत आणून सोडलं. उतरताना फक्त म्हणाली, “कचरूमामांचं नेट वाचायला पाहिजे, सर. फळं अजून हिरवी आहेत, तोडता येतील. शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागेल.”

१२ ऑक्टोबर

काही सुचत नाही. खरं सांगितलं तर सन्मानचिन्ह गेलं, मुदतवाढ गेली, आणि तीन महिन्यांवर निवृत्ती असलेला माणूस खोटारडा म्हणून घरी जाणार. नाही सांगितलं तर एक पोरगी शाळेत शिकवेल. शाळेत शिकवणं काही वाईट नाही. दुपारी सुटते, रविवारी सुट्टी, उन्हात फिरणं नाही. खरं तर तिच्यासाठी तेच चांगलं असावं.

हे लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. हे तिचंच पेन.

१३ ऑक्टोबर

मत लिहून काढलं. पद्धतशीर, कौतुक-चूक-कौतुक:

‘मदीहा शेख ही कष्टाळू, नम्र व वक्तशीर प्रशिक्षणार्थी आहे. तथापि दि. २२ सप्टेंबर रोजी तिने प्रत्यक्ष न पाहता नोंद केली, ही बाब खेदजनक आहे. तिची स्कूटी चालवण्याची पद्धत सुरक्षित आहे.’

एकही वाक्य खोटं नाही. काही राहिलं का म्हणून कौसल्येला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं.

“बावीसला ती लग्नात होती न्हाई का?”

“होती.”

“मंग केदारखेड्याला कोन गेल्तं?”

“मी.”

“मंग इथं तुमचं नाव कुठंय?”

मी म्हटलं, कार्यालयीन भाषेत तसं लिहीत नसतात. तिने कागद माझ्या हातात परत दिला आणि पोळ्या लाटायला गेली. ताटात आज मीठ लाल प्लास्टिकच्या वाटीत होतं. कधीपासून ते लाल वाटीत असतं, मला आठवत नाही.

१४ ऑक्टोबर

सकाळच्या एसटीने एकटाच केदारखेड्याला गेलो. नेटच्या बाहेर दोन मिनिटं उभा राहिलो. आत गलका होता. बारा बायका, आणि मदीहाही होती. तिने काल आणि आज बिनपगारी रजा टाकून बायकांबरोबर मागच्या ओळी धरल्या होत्या. मला पाहून उठली.

“बस,” मी म्हटलं, “तुझं काम कर.”

तुळजाबाईच्या ओळीत जाऊन मी उकिडवा बसलो. मागच्या ओळींतले दोरे जुने, पांढरे. देठ दिसत होता, फळ दिसत होतं, दोऱ्याचं काही कळत नव्हतं. मी डोळे बारीक केले, फांदी जवळ ओढली, लांब धरली. तुळजाबाई काही वेळ पाहत राहिली. मग तिने माझं बोट धरलं आणि देठावर टेकवलं.

“असं चाचपून बघा, साहेब. हाताला लागलं का? हे दोऱ्याचं. आता हे बघा, हे बिनदोऱ्याचं. तोडा.”

मी तोडलं. पुढचं चाचपलं. असं करत एक ओळ झाली. मग विचारलं, “तुळजाबाई, त्या दिवशी फांदीची गाठ मी बरोबर सांगितली होती ना?”

तिने चिमटा खाली ठेवला. “त्या फांदीला दोराच नव्हता, साहेब. मदीहा म्याडमनं मुद्दाम तशी धरल्ती.” मग हळूच म्हणाली, “त्याच सांजच्याला म्याडम म्हन्ल्या, साहेबांना पांढरा दिसत न्हाई, आपण लाल लावू. पर साहेबांपुढं बोलू नका. रिळं यायलाच लई दिवस लागले. आमी कोनी बोललो न्हाई.”

बारा बायका, कचरू आणि मदीहा, सगळ्यांना ठाऊक. मीठ लाल वाटीत ठेवणाऱ्या कौसल्येलाही. म्हणजे माहीत नव्हतं ते फक्त मला. मला लाज वाटली, इतकी की उठून बाहेर जावंसं वाटलं. पण ओळ अर्धी राहिली होती.

दुपारी बाजेवर मदीहा डबा उघडून बसली. मी विचारलं, “तुला कधीपासून कळलं होतं?”

“पहिल्या आठवड्यात, सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सत्तर टक्के ऐकायला सांगितल्तं.” ती हसली नाही. मग म्हणाली, “पण बावीसला मी तुमचं ऐकायला नको होतं. न बघता भरलं, ती चूक माझीच आहे. मॅडमना मी तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, बायका बोलत होत्या. मंग मला वाटलं, झालं.”

माझ्या एवढ्या नोकरीत खरोखर कामाची अशी एकच गोष्ट मी कुणाला शिकवली असेल. तिने ती नीट लक्षात ठेवली, वेळेवर विचारली, आणि मी फोनवर खोटं बोललो. 

१५ ऑक्टोबर

नवं मत लिहिलं. यात कौतुक आधीही नाही आणि नंतरही नाही.

‘दि. २२ सप्टेंबरला नेटवर मी गेलो होतो. मी शेवटपर्यंत गेलो नाही. गेलो असतो तरी मला दोरा दिसला नसता, कारण मला दोन वर्षांपासून नीट दिसत नाही. जुलैच्या तपासणीत मी तक्ता ऐकून पाठ केला होता. त्या दिवशी नेटमध्ये बायका गप्प होत्या. मदीहाने फोनवर हेच विचारलं. मी खोटं सांगितलं. माझ्या भेटी तिच्या नावावर भरायला मीच लावल्या. लाल दोरा तिची कल्पना आहे, माझी नाही. गुण: शंभरपैकी ब्याण्णव. आठ कापले, कारण तिने माझ्या शब्दावर शून्य भरलं.’

प्रियदर्शनी मॅडमचा फोन आला. “सर, हे पत्र फाइलला लावलं तर सन्मानचिन्हाचं...”

“माहीत आहे, मॅडम.”

मग त्यांनी विचारलं, “डोळे कधी दाखवताय?”

१८ ऑक्टोबर

पुन्हा तपासणी. शंभर झाडांमागे एक. नेट पास. कचरूने पथकाला चहा दिला आणि मला दोन कप. बायकोही बरी झाली आहे म्हणाला.

२ नोव्हेंबर

सन्मानचिन्ह बदनापूरच्या एका मार्गदर्शकाला जाहीर झालं. त्याच्या प्रशिक्षणार्थ्याने दुसऱ्याच महिन्यात नोकरी सोडली आहे. त्यामुळे त्याच्या फॉर्मवर एकही तक्रार नाही.

मदीहाला एक ताकीदपत्र मिळालं. तिने ते मला वाचून दाखवलं. छपाई फिकीच असणार, मी विचारलं नाही.

१६ डिसेंबर

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी म्हटलं, मार्गदर्शन.

२१ डिसेंबर

पट्टी निघाली. भिंतीवरचं कॅलेंडर निळं आहे. मी वर्षभर राखाडी समजत होतो. कौसल्येच्या कपाळावर एक नवी आठी दिसली, नवी म्हणजे मला नवी. ऑगस्टातलं पत्र काढून पाहिलं. छपाई काळीभोर आहे. ही वहीही पहिल्यापासून चाळली. ओळी एकमेकींवर चढलेल्या, आणि जे लिहिलं आहे ते वाचून काही पानं फाडावीशी वाटली. फाडली नाहीत.

१४ जानेवारी

मदीहा कायम झाली. तिचे अब्बू महेमूदभाई स्वतः घरी पेढे घेऊन आले. म्हणाले, “साहेब, पोरगी म्हणते, तुम्ही तिला ऐकायला शिकवलं. आमचं तर घरात कधी ऐकलं न्हाई तिनं. कसं केलंत?” मला उत्तर सुचलं नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असेल.

२९ जानेवारी

प्रियदर्शनी मॅडमनी फॉर्मचा सगळा गठ्ठा दिला. प्रत्येक फॉर्मला मागे एक पान असतं, प्रशिक्षणार्थ्याने भरायचं. मार्गदर्शकाने ते पाहायचं नसतं, आता पाहिलं तर चालतं. दहा फॉर्म, दहा पानं. मी स्वतः वाचली, एका बैठकीत, कुणाला न विचारता. ‘मार्गदर्शकाकडून काय शिकलात?’ या प्रश्नाखाली बऱ्याच गोष्टी होत्या, काही माझ्या आठवणीतही नव्हत्या. पण पहिल्या फॉर्मवर आणि दहाव्या फॉर्मवर एकच ओळ होती: ‘आत शिरण्याआधी दोन मिनिटं बाहेर उभं राहून ऐकायचं. हे पुस्तकात नाही.’

दहावा फॉर्म ऑक्टोबरानंतरचा आहे. माझं खोटं कळल्यावरही तिने तेच लिहिलं. मी ती ओळ पुन्हा वाचली. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली म्हणून कौसल्या बाटली घेऊन आली आणि म्हणाली, “आज लागत न्हाई वाटतं.”

३१ जानेवारी

शेवटचा दिवस. हार, नारळ, दोन भाषणं. माझं भाषण तीन मिनिटांचं झालं, लोकांना विश्वास बसला नाही. संध्याकाळी मदीहाने स्कूटीवरून कचरूच्या नेटवर नेलं. बाहेर दोघं उभे राहिलो. आत तुळजाबाई कुणाच्या तरी सुनेबद्दल तावातावाने बोलत होती. मग आत गेलो, शेवटच्या ओळीपर्यंत. मिरच्या लालभडक पिकल्या होत्या आणि प्रत्येक देठाला दोरा होता. तो माझा मला दिसला.

अकरावा फॉर्म माझा मीच भरला, जाड काळ्या पेनाने.

मार्गदर्शकास झालेला लाभ: एक डोळा. दुसरा फेब्रुवारीत.